बेरीफळे : जात, ऋतू आणि रुग्णाचा आहार



महाग बेरीफळांनी आजार हटेल या आशेने औषधांचे पैसे फळांवर खर्च होताना आम्ही पाहतो. म्हणून हे चार शब्द. अँटिऑक्सिडंट द्रव्ये सर्व फळांत सारखी नसतात. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीतही कामारोसा, स्वीट चार्ली अशा जाती आहेत. लाल रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये व जीवनसत्त्व 'क' जातीनुसार कमीअधिक असतात; ऊन, तापमान व पक्वतेनुसारही त्यांचे प्रमाण बदलते. म्हणून हंगामातील, पिकलेले, परवडणारे फळ घ्यावे. आपल्या जांभूळ-करवंदांतही अँथोसायनिन असतेच. मात्र फळ हा आहार आहे, उपचार नव्हे. मधुमेह वा मूत्रपिंडविकार असल्यास आहारतज्ज्ञांना विचारावे. आणि औषध कधीही चुकवू नये, ही आमची कळकळीची विनंती.