खापरालाही गाव असतं



शाळेला काय भेट द्यायची, यावर आपल्या ग्रुपवर दोन महिने चर्चा चालली आहे. कमान, वॉटर कूलर, स्मार्ट बोर्ड, सगळं सुचवून झालं. मी आणखी एक मागणी मांडते. शाळेच्या एका खोलीत दोन काचेची कपाटं आणि एक जाड नोंदवही द्यावी, आणि तिथे आपल्या परिसराचं छोटं संग्रहालय सुरू करावं.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला मुंबई नाहीतर हैदराबादचं सालारजंग आठवतं. पण आपल्याला उपयोगी पडेल असं उदाहरण मराठवाड्यातल्याच एका गावात आहे. ते म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. आपल्याला ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक. दोन हजार वर्षांपूर्वी तेच ‘तगर’ नावाचं व्यापारी शहर होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या जोडीने त्याचं नाव येतं, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. त्या गावच्या पांढरीतून खापरं, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्या गृहस्थांनी त्या वस्तू चिकाटीने गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातून संग्रहालय उभं राहिलं, आणि आज ते राज्य शासनाकडे आहे. यातली मोठी गोष्ट अशी, की वस्तू जिथल्या तिथेच राहिल्या. तेरच्या पोराला आपल्या गावाचा सातवाहन काळ बघायला मुंबई गाठावी लागत नाही.

आता आपल्याकडे या. केळना नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांचीही नावं कोरलेली आहेत. १९७३ साली मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. इटलीतलं पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या तुकड्याचं तिच्याशी इतकं साम्य आहे, की अभ्यासक दोन्हींचा विचार जोडीने करतात. तेरची हस्तिदंती मूर्तीही त्याच कुळातली. आपण सातवाहनांवर टीप लिहून गुण मिळवले, पण ज्या गावाच्या बाजाराला आपण जात होतो तेच त्या टिपेत बसलेलं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?

दुसरं उदाहरण असईचं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीची इंग्रजी फौज यांची लढाई झाली. वेलस्लीला केळना ओलांडायची होती. वाटाड्ये म्हणाले, जवळपास उतार नाही. त्याने पाहिलं, की नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. येण्याजाण्याची सोय असल्याशिवाय अशी गावं वसत नाहीत, असा त्याने अंदाज बांधला आणि तिथूनच फौज पार केली. हा धडा वर्गात वाचण्यापेक्षा काठावर उभं राहून मुलांना विचारावा: ‘इथे उतार असेल का? कशावरून?’ असईचं नाव इंग्रज पलटणींनी आपल्या निशाणांवर मिरवलं. आपल्या बाजूने लढून पडलेल्या साध्या शिपायांची नावं मात्र कुठल्या निशाणावर नाहीत.

म्हणून माझी योजना साधी आहे. आठवी-नववीच्या मुलांनी महिन्यातला एक शनिवार यासाठी द्यायचा. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची: शेर, पायली, मोटेचं चाक, तिफणीचं चाडं, हाली शिक्क्याचं नाणं, पणजोबांच्या ट्रंकेतला निजामाच्या काळातला उर्दू कागद. तिचा फोटो काढायचा आणि वहीत पाच गोष्टी लिहायच्या: वस्तूचं नाव, ती कुठली, कुणाची, कशासाठी वापरत, आणि ही माहिती कुणी सांगितली. वस्तू हवी तर घरी परत जाईल, नोंद शाळेत राहील. मी रोज माहितीच्याच साठ्यांत काम करते, म्हणून सांगते: नोंद नसलेली वस्तू म्हणजे भंगार. कुठल्या शेतात, किती खोल, कशाच्या शेजारी मिळालं हे लिहिलं, तर खापरालाही गाव असतं. ते लिहिलं नाही, तर सोन्याचं नाणंही मुकं.

एक पथ्य मात्र पाळायचं. पोरांनी पांढर उकरायची नाही. जमिनीत ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहे, आणि पुरावस्तूंच्या नोंदणीचा कायदा १९७२ चा. आपलं कपाट त्या कायद्यांच्या आतच राहील.

घाई कशाची, असं कुणी विचारेल. वस्तू थांबतात, माणसं थांबत नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला, हैदराबाद संस्थान मुक्त झालं त्या दिवशी, जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. रझाकारांच्या भीतीने रात्री घर सोडलेली म्हातारी अजून एखाद्या गल्लीत असेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, सुकडी आणि मिलो खाल्लेल्या बाया तर आपल्याच घरात आहेत, आपल्या आया आणि सासवा. त्यांच्यासमोर नातवाने मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून ‘आजी, तेव्हा काय झालं?’ एवढंच विचारायचं आहे. हे काम पुढच्या स्नेहमेळाव्यावर ढकललं, तर तेव्हा विचारायला कुणी उरलेलं नसेल.

कमानीला माझा विरोध नाही. पण कमानीवर आपली नावं लागतील, आणि वहीत गावाची. कपाटांचा खर्च आपण वाटून घेऊ. फोटो आणि नोंदी संगणकावर नीट लावून द्यायचं काम मी घेते. इतिहास शिकवणाऱ्या सरांनी आणि बाईंनी निवृत्तीनंतरचे काही शनिवार द्यावेत, अशी विनंती करते. आणि तुम्हा प्रत्येकाकडे एकच मागणी: दिवाळीला गावी याल तेव्हा माळ्यावरची एक वस्तू खाली काढा आणि घरातल्या थोरल्या माणसाला तिच्याबद्दल विचारा.