संघनायक आणि उमेदवार

तालमींत नव्यानें पाऊल टाकणारा मुलगा वस्तादाच्या तोंडून जितकें शिकतो, त्याहून कितीतरी अधिक तो वस्तादाकडे पाहून शिकतो. वस्ताद पहांटे केव्हां येतो, दमल्यावरहि किती मेहनत करतो, कुस्ती हरल्यावर कसा वागतो, यांतील कांहींहि मुलाच्या नजरेंतून सुटत नाहीं. जी गोष्ट तालमीची, तीच व्यावसायिक फुटबॉल क्लबांची. तेथेंहि कोवळ्या वयाचीं मुलें कित्येक वर्षें उमेदवारी करतात आणि ज्येष्ठ खेळाडूंच्या वागण्यावरून आपल्या वागण्याचें माप ठरवितात. इंग्लंडांतील मँचेस्टर युनायटेड या क्लबाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. कारण नायकाच्या आदर्शाचें बळ आणि त्या आदर्शांतील धोका हे दोन्ही तेथें एकाच माणसाच्या ठायीं दिसून आले.

या क्लबाची तरुणांवरील श्रद्धा जुनी आहे. १९४५ सालीं नेमले गेलेले व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनीं तयार खेळाडू विकत घेण्यावरच विसंबून न राहतां मुलें घडविण्याचें धोरण धरिलें, आणि युवकांच्या एफ. ए. चषकाच्या पहिल्या पांचहि स्पर्धा, १९५३ पासून १९५७ पर्यंत, याच क्लबानें जिंकल्या. ता. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं म्यूनिक येथें झालेल्या विमान अपघातांत क्लबाचे आठ खेळाडू मृत्यू पावले. त्यांतून वाचलेला बॉबी चार्लटन हा तरुण पुढें संघनायक झाला, आणि १९६८ सालीं त्याच्या नेतृत्वाखालीं युनायटेडनें युरोपीय चषक मिळविला. त्या क्लबांतील प्रत्येक नव्या मुलाला हा वारसा आपोआप लाभतो.

१९८६ च्या नोव्हेंबरांत ॲलेक्स फर्ग्युसन व्यवस्थापक झाले आणि त्यांनीं हेंच धोरण पुन्हां उचलून धरिलें. एरिक हॅरिसन या कडक शिस्तीच्या शिक्षकाच्या हाताखालीं तयार झालेल्या मुलांनीं १९९२ सालीं युवक चषक जिंकला. रायन गिग्ज, डेव्हिड बेकहॅम, निकी बट् आणि गॅरी नेव्हिल हे त्यांतलेच. त्या काळीं उमेदवारांना केवळ खेळ शिकावा लागत नसे. ज्येष्ठांचे बूट घासूनपुसून ठेवणें हेंहि त्यांच्याकडे असे. थोरांची सेवा करतां करतां त्यांचें निरीक्षण करण्याची संधि त्यांना अशा रीतीनें रोज मिळे.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत एरिक कांतोना हा फ्रेंच खेळाडू क्लबांत आला. तो मोठा कलावंत आणि तितकाच मानी म्हणून प्रसिद्ध होता. फर्ग्युसन यांनीं त्याच्या पहिल्या दिवसाची हकीकत सांगितली आहे. नेमलेला सराव संपला, इतर खेळाडू निघाले, आणि कांतोनानें व्यवस्थापकांपाशीं दोन तरुण खेळाडू व एक गोलरक्षक मागितला. कशासाठीं, असें विचारतां तो म्हणाला कीं, सरावासाठीं! बाजूनें हवेंतून येणारा चेंडू जमिनीवर टेकण्यापूर्वींच मारण्याचा अभ्यास तो जादा वेळ करीत राहिला. ही वार्ता पसरण्यास वेळ लागला नाहीं. हळूहळू इतरहि थांबूं लागले, आणि सराव संपल्यावरचा सराव ही तेथील रीत होऊन बसली. कांतोनानें कोणाला उपदेश केला नव्हता. इतका निष्णात खेळाडू जर थांबतो, तर आपण घरीं कसें जावें, हा प्रश्न मुलांच्या मनांत आपोआप उभा राहिला.

पण याच माणसाचें दुसरें रूपहि मुलांना पाहावें लागलें. ता. २५ जानेवारी १९९५ रोजीं क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्यांत पंचांनीं त्याला मैदानाबाहेर काढिलें. जातां जातां शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकाच्या अंगावर त्यानें उडी घेऊन लाथ मारिली. चिथावणी खरी होती. पण चिथावणी म्हणजे समर्थन नव्हे. सप्टेंबरअखेरपर्यंत त्याला खेळण्याची बंदी झाली. न्यायालयानें आधीं दोन आठवड्यांचा तुरुंगवास दिला. अपिलांत त्याऐवजीं १२० तास समाजसेवा ठरली. ही सेवा त्यानें लहान मुलांना फुटबॉल शिकवून पुरी केली. एका क्षणाच्या संतापाची किंमत साऱ्या संघास द्यावी लागली. त्या वर्षीं साखळी स्पर्धेचें अजिंक्यपद अवघ्या एका गुणानें गेलें आणि चषकाचा अंतिम सामनाहि हातचा निसटला.

पुढच्या हंगामापूर्वीं तीन नामांकित खेळाडू क्लब सोडून गेले आणि त्यांच्या जागीं तरुण मुलें उभीं राहिलीं. पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाने ३–१ असा जिंकला, तेव्हां पोरांच्या बळावर कांहीं साधणार नाहीं, असें जाणत्यांनीं बोलून दाखविलें. ता. १ ऑक्टोबर रोजीं कांतोना परतला. १९९६ च्या मे महिन्यांत याच संघानें साखळी स्पर्धा जिंकली, आणि चषकाच्या अंतिम सामन्यांत लिव्हरपूलविरुद्धचा एकमेव गोल त्या दिवशींचा संघनायक कांतोना यानेंच केला. १९९७ सालीं तो निवृत्त झाला. पण त्याच्या पाठीमागें राहिलेल्या तरुणांनीं १९९९ सालीं एकाच हंगामांत तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९९२ च्या उमेदवारांपैकीं गॅरी नेव्हिल २००५ सालीं स्वतः संघनायक झाला. आतां नवीं मुलें त्याच्याकडे पाहूं लागलीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुलांनीं माणसाची पूजा बांधूं नये, त्याच्या गुणाची उचल करावी. त्या मुलांनीं कांतोनाचा राग उचलला नाहीं, त्याचा अभ्यास उचलला. अर्थात् एवढा विवेक प्रत्येक मुलाला आपसूक येत नाहीं. क्लबाचे व्यवस्थापक आणि शिक्षक यांनीं तो शिकवावा लागतो, आणि नायकाच्या अपराधास उघड शिक्षा झाली तरच मुलांना तो पटतो. मोठ्यांचा अपराध झांकला गेला, तर कीर्ति मिळाली कीं नियम सुटतो, हाच धडा मुलें घेतात.

नायकाची जबाबदारी मात्र यानें हलकी होत नाहीं. शिक्षकाचा तास ठरलेला असतो, नायकाचा तास कधींच संपत नाहीं. सामना जिंकून देणारा गोल हजारों लोक पाहतात; परंतु रिकाम्या मैदानावर जादा थांबलेला नायक कोपऱ्यांत बूट पुसत बसलेला एखादा मुलगाच पाहतो, आणि क्लबाचें भवितव्य बहुधा त्याच मुलाच्या हातीं असतें.