शेताचा सामू आणि देहाचा सामू
(रुग्णालयाच्या महिला आरोग्य मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु रुग्णालयाच्या नोंदवह्या सांभाळताना एक गोष्ट ध्यानात आली. नोंदणीच्या खिडकीवर 'कंबरदुखी' किंवा 'अशक्तपणा' सांगणाऱ्या कित्येक भगिनी खरी तक्रार तपासणीच्या खोलीबाहेर आयाबाईंच्या कानात सांगतात : "अंगावरून पांढरं जातं." वहीत एक आणि मनात दुसरे, असा हिशेब कधीच जुळत नाही. म्हणून आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतलेल्या चार गोष्टी आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आपला मुलूख काळ्या मातीचा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर माती तपासून घेणे अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. त्या अहवालात 'सामू' हा शब्द असतो. सामू म्हणजेच पी.एच. सात हा आकडा उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो, रक्ताचा सुमारे ७.४. निरोगी तरुण स्त्रीच्या योनिमार्गाचा सामू मात्र ३.८ ते ४.५, म्हणजे दह्याइतका आम्ल असतो.

हे साम्य केवळ आकड्याचे नाही. दूध विरजणाऱ्या जिवाणूंचेच नातलग, लॅक्टोबॅसिलस, तेथे वस्ती करून असतात. १८९२ साली जर्मन वैद्य अल्बर्ट डोडरलाइन यांनी त्यांचे वर्णन केले. स्त्रीच्या संप्रेरकांमुळे योनिमार्गाच्या अस्तरात साखरेचा साठा होतो. त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि ते अपायकारक जंतूंना थोपवून धरते. म्हणून थोडासा, दुर्गंधी व खाज नसलेला स्राव हा रोग नव्हे. मासिक चक्राप्रमाणे तो कमीजास्त होतो, गरोदरपणी वाढतो.

हा समतोल बिघडतो कशाने? साबणाचा सामू बहुधा नऊ-दहा असतो. आतून साबणाने वा जंतुनाशकाने धुतल्यास राखणदारच वाहून जातात. प्रतिजैविकांनीही ते घटतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर बुरशी फोफावते. पाळी गेल्यावर संप्रेरके कमी होतात आणि सामू वर चढतो. तेव्हा बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, आतून काहीही धुऊ नये, पाळीचे कापड उन्हात वाळवावे. आणि दह्याची उपमा दिली म्हणून कोणी दही, लिंबू वा तुरटी आत लावू नये, एवढी हात जोडून विनंती.

स्राव पातळ, करडा, माशासारख्या वासाचा असेल तर जिवाणूंचा समतोल ढळलेला असतो, सामू ४.५ च्या वर जातो. दह्याच्या गोळ्यांसारखा स्राव आणि असह्य खाज असेल तर बहुधा बुरशी. तेथे सामू पुष्कळदा बदलतच नाही. फेसाळ, पिवळा-हिरवा स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा असू शकतो. त्यात पतीलाही औषध घ्यावे लागते. म्हणजे सामूची कागदी पट्टी उपयोगी खरी, पण एकटी पुरेशी नाही. तपासणी आणि सूक्ष्मदर्शक हवेच. ओटीपोटात दुखणे, ताप, पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्त जाणे, यांपैकी काही असल्यास एक दिवसही थांबू नये.

हे दुखणे किती पसरलेले आहे, हे आपल्याच विदर्भाने जगाला दाखविले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

मौनाची दुसरी किंमत याहून भारी आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याची माहिती २०१९ साली विधिमंडळात देण्यात आली. आमच्याकडेही भगिनी येतात आणि म्हणतात, "साहेब, पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल." भगिनींनो, निव्वळ पांढरे जाते म्हणून पिशवी काढणे हा उपचार नव्हे. सोबत बीजकोषही काढले तर संप्रेरके एकाएकी थांबतात, सामू चढतो, म्हणजे राखण आणखीच दुबळी होते. असा सल्ला कोणी दिल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. अमरावतीचे 'डफरीन' व अकोल्याचे 'लेडी हार्डिंग' ही शासकीय स्त्री रुग्णालये आपल्यासाठीच आहेत.

प्रशासक म्हणून आमच्या हाती जे आहे, ते आम्ही केले. नोंदणीच्या खिडकीवर आता स्त्रीरुग्णास तक्रार विचारली जात नाही. ती आत, पडद्याआड, स्त्री कर्मचारीच विचारते. नोंदवहीतील तो रकाना काही काळ कोरा राहतो. चाळीस वेळा खोटा भरण्यापेक्षा तो कोरा असलेला आम्हांस चालेल.

शेताचा सामू बिघडला तर आपण घरात उघड बोलतो. देहाच्या सामूविषयीही तितक्याच मोकळेपणाने बोलावे, एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.