मोज्यात अडकणारं कुसळ नक्की करतं काय?

पावसाळा सरल्यावर टेकडीवर जाऊन आलात की मोज्यांत कुसळं घेऊन येताच ना? ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं’ असं आपण सहज म्हणतो, पण ते कुसळ ज्या गवताचं, त्याच्याकडे कोण बघतं? म्हणून आजचा भाग कुसळी गवतावर.

शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. ग्रीकमध्ये हेटेरोस म्हणजे वेगळा, पोगॉन म्हणजे दाढी. लॅटिन कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेला. दाढी ‘वेगळी’ का, ते कणसात दिसतं. खालच्या फुलांना कुसळ नसतंच. वरच्या मादी फुलांना मात्र लांब, तपकिरी कुसळं, आणि त्यांची टोकं एकमेकांत गुंतून दोरीसारखी वेणी होते.

खरी गंमत पुढे. बी पिकून पडलं की कुसळाचा खालचा भाग वाळून पिळला जातो. दव किंवा पाऊस लागला की पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो. या फिरण्यानं बियाचं टोकदार, केसाळ बूड मातीत घुसतं. केस मागे वळलेले, त्यामुळे आत गेलेलं बाहेर येत नाही. बॅटरी नाही, मोटर नाही, तरी ड्रिल चालू!

हेच ड्रिल मेंढीच्या लोकरीत शिरलं तर कातडी टोचतं. म्हणून हे गवत फुलोऱ्याआधी कोवळं असतानाच चारा म्हणून चांगलं, नंतर तापदायक.

गवत बहुवर्षायू आहे. म्हणजे पाती वाळली, वणव्यात जळली, तरी जमिनीलगतचा ठोंब जिवंत राहतो आणि पावसात पुन्हा फुटतो. आफ्रिका, दक्षिण आशिया, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेचे उष्ण भाग, सगळीकडे ते सापडतं. हवाईत त्याला ‘पिली’ म्हणतात, तिथे पूर्वी घरं त्यानं शाकारायचे. आपल्याकडे दख्खनच्या मुरमाड, उथळ मातीच्या माळांवर ते सर्रास दिसतं.

आणि इथेच मला जरा चीड येते. असा माळ दिसला की आपण म्हणतो, ‘ओसाड आहे, झाडं लावू या.’ अरे, ओसाड कसला? चंडोल जमिनीवर घरटं करतो ते गवताच्या आडोशाला. लांडगा, चिंकारा याच उघड्या माळावर जगतात. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य तर माळढोकासाठी केलेलं, आणि त्याला दाट झाडी नको, मोकळं गवत लागतं. तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावलं तर सावलीत हे गवत मरतं, आणि मेंढपाळाचं चराऊ रानही जातं. झाडं लावाच, पण मूळ जिथे झाडी होती तिथे. जागा ठरवण्याआधी तिथल्या मेंढपाळाला एकदा विचारा, आधी इथे काय होतं.

आता एक काम. पुढच्या ट्रेकनंतर मोज्यातलं एक पिकलेलं कुसळ काढा, बशीत ठेवा, वर पाण्याचे दोन थेंब टाका आणि मोबाईलचा कॅमेरा चालू करा. थोडं थांबावं लागेल, पण ते फिरायला लागतं.