मोठी गाडी, जुनी वायर



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या धंद्यातलं काहीतरी बोल, पण पंधरा मिनिटांत आटप." माझा धंदा म्हणजे गाड्यांचं वायरिंग. कोल्हापुरात उद्यमनगरात बसतो. विषय शोधावा लागला नाही, कारण आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाल्यापासून तुमच्यापैकी निदान आठ-दहा जणांनी मला एकाच गोष्टीसाठी फोन केलाय. पन्नाशी उलटली, मुलं मार्गी लागली, आणि बऱ्याच जणांनी हौसेनं एक जुनी, परदेशी बनावटीची, भलीमोठी एसयूव्ही घेतली. हौस रास्तच आहे. नवी असताना पाऊण कोटीची गाडी बारा वर्षांनी दहा-बारा लाखांत मिळते. इंजिन मजबूत, सीट मऊ, घाटात बसल्यासारखी चालते. फक्त एक लक्षात घ्या, की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

आणि मग एक दिवस सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डवर दिवाळी. एअरबॅगचा दिवा, एबीएसचा दिवा, सस्पेन्शन बिघडलं म्हणून इशारा, गिअर एकाच ठिकाणी अडकलेला. मालकाचा चेहरा पडतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, वीस-पंचवीस फॉल्ट निघतात, आणि तो सांगतो, "साहेब, कॉम्प्युटर गेला. साडेतीन लाख."

कॉम्प्युटर गेलेला असू शकतो. पण माझ्या अनुभवात तो फार कमी वेळा गेलेला असतो. आज मला एवढंच सांगायचंय, की तो बदलायला होकार देण्यापूर्वी काय मोजून घ्यायचं.

आपल्या विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत म्हणून हे जरा भीतभीतच सांगतो. बाई, तुम्ही फळ्यावर ओहमचा नियम लिहिला होतात. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. तो मांडणारे गिओर्ग ओहम हेही शाळामास्तरच होते, जर्मनीतल्या कोलोनला शिकवायचे, आणि 1827 साली त्यांनी आपलं पुस्तक छापलं. माझं अर्धं पोट त्या एका ओळीवर भरतं.

कसं ते सांगतो. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ मारला की बॅटरीतून दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त धारा जाते. तेवढीच धारा बॉडीतून, अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीकडे परत यावी लागते. परतीची वाट कुणी बघत नाही. आता त्या पट्टीच्या बोल्टखाली हिरवा कीट चढला आणि रोध वाढला. किती? फक्त एक शतांश ओहम. साध्या मीटरवर तो दिसतसुद्धा नाही, शून्यच दाखवतो. पण दोनशे अँपिअर गुणिले एक शतांश म्हणजे दोन व्होल्ट. बारा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट वाटेतच गळाले.

आपल्याच वर्गातल्या एकाची गाडी अशीच आली होती. तो इथे बसलाय, नाव घेत नाही, हसू नकोस. त्याला गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर बदलायला सांगितलं होतं आणि पैशांची जुळवाजुळवही त्यानं केली होती. मुलीच्या फीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला निघाला होता. मी बॅटरीवर मीटर लावला. गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट, म्हणजे ठीक. सेल्फ मारताना 10.3, तेही ठीक. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्यावर ठेवली आणि त्याला सेल्फ मारायला सांगितला. तिथे शून्याच्या आसपास यायला हवं होतं, आलं 1.8. म्हणजे बॅटरी 10.3 देतेय, पण बॉडीला अर्थ केलेल्या कॉम्प्युटरांपर्यंत साडेआठच पोचतात. त्या बिचाऱ्यांना वाटतं अंधार झाला. कुणी मधेच बंद पडतो, कुणी शेजाऱ्याचा निरोप आला नाही म्हणून तक्रार नोंदवतो. गाडी चालू झाली तरी नोंद राहते आणि दिवे पेटतात. पट्टी काढली, बोल्टखालचा पत्रा घासून पांढरा केला, नवी पट्टी बसवली, फॉल्ट पुसले. खर्च हजाराच्या आत. ती गाडी अजून पळतेय.

म्हणून कुणी तुम्हाला वीस फॉल्टची यादी दाखवली, तर घाबरू नका, उलट थोडा दिलासा माना. वीस पार्ट एका रात्रीत मरत नाहीत. वीस जण एकदम ओरडायला लागले, तर त्या सगळ्यांना सामाईक असलेली एकच गोष्ट बिघडलेली असते. बॅटरी, अर्थ, नाहीतर ते एकमेकांशी बोलतात ती तार.

या बोलण्याच्या तारेचंही सांगतो. आपण दहावी झालो त्याच 1986 साली बॉश कंपनीनं कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली. त्याआधी प्रत्येक बटणापासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी वायर. कॅनमध्ये दोनच वायरी, एकमेकींना पीळ दिलेल्या, आणि सगळे कॉम्प्युटर त्याच दोन वायरींवर बोलतात. चावडीवर गाव बोलावं तसं. साधारणपणे इंजिन-गिअरबॉक्सच्या वेगवान कॅनला दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं, तर समांतर जोडणीच्या सूत्राप्रमाणे 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध निसटला आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. दोन मिनिटांचं काम. तरी हे न मोजता महागडे मॉड्यूल मागवले जातात. बाहेरून स्क्रीन नाहीतर रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतलेल्या गाडीत मी आधी तिथेच हात घालतो, कारण बसवणाऱ्यानं बहुतेक वेळा मिळेल ती वायर सोलून पीळ दिलेला असतो.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र पाऊस. सनरूफ पूर्ण पाणी अडवत नाही, ते अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. काचेच्या कडेनं आत आलेलं पाणी एका पन्हळीत जमतं आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून खांबांच्या आतून खाली जातं. गाडी वर्षभर झाडाखाली उभी असेल तर पाला आणि माती त्या नळीत बसते. मग राधानगरी, गगनबावड्याकडचा एक पाऊस पुरे. पाणी खांबातून उतरून गालिच्याखाली जातं. गालिच्याखाली जाड फोम असतो, वरून हात लावला तर कोरडा, खाली पाणी. आणि पुष्कळ गाड्यांत नेमकं तिथेच, पायाशी किंवा सीटखाली, वायरींचे कपलर आणि मॉड्यूल बसवलेले असतात. तिथे का बसवले हे बनवणाऱ्यालाच विचारा. बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढे आपला आषाढ नसावा.

उपाय अगदी साधा. मे महिन्यात सनरूफ उघडा, कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूच ओता आणि गाडीखाली वाकून बघा. चारही ठिकाणी धार दिसली पाहिजे. नाही दिसली तर तुंबलंय. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि मग गालिचा उचलण्यावाचून इलाज नाही. मऊ नायलॉनची दोरी घालून साफ करा.

आता बॅटरी रात्रीत उतरते त्याचं. हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारला. गाडी बंद केली तरी ती लगेच झोपत नाही. वीस मिनिटं, कधीकधी तासभर, आतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. सगळे झोपल्यावर साधारण 50 मिलीअँपिअरपर्यंत धारा गेली तर चालतं, म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. 90 अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीला तीन-चार आठवडे काही होत नाही. पण एक कॉम्प्युटर जागा राहिला आणि एक अँपिअर जायला लागला, तर दिवसाला 24. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल्फ फक्त टकटक करणार.

एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 1994 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरमध्ये रिमोटचा रेडिओ-रिसीव्हर आजूबाजूच्या दुसऱ्याच लहरींनी जागा व्हायचा आणि गाडीच्या मुख्य कॉम्प्युटरलाही उठवायचा. मालक म्हणायचे, बॅटरी खराब. बॅटरी बदलायचे, पुन्हा तेच. पुढे सुधारित रिसीव्हर निघाला. म्हणून कुणी लागोपाठ दुसरी बॅटरी घ्यायला सांगितली, तर आधी रात्रीची गळती मोजून मागा. मोजायची रीतसुद्धा सांगतो, म्हणजे समोरच्याला कळतं का हे तुम्हाला कळेल. किल्ली गाडीपासून लांब ठेवायची, तासभर थांबायचं, आणि फ्यूज उपसायचे नाहीत. फ्यूज काढून पुन्हा लावला की झोपलेला जागा होतो. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजायचे. जिथे आकडा दिसतो, त्या वाटेनं चोर जातोय.

एअर सस्पेन्शनच्या गाडीत चोर बऱ्याचदा कॉम्प्रेसरचा रिले असतो. त्याचे आतले पॉइंट जळून चिकटतात आणि कॉम्प्रेसर गाडी बंद असतानाही चालत राहतो. रात्री पार्किंगमधून घुर्रघुर्र आवाज येत असेल तर मांजर समजू नका. रिले काही शेकड्यांचा, जळालेला कॉम्प्रेसर काही दहा हजारांचा.

मागचं दार उघडल्यावर नंबरप्लेटचा दिवा जातो, वायपर आपोआप फिरतो, कॅमेरा कधी दिसतो कधी नाही, असं असेल तर बिजागरीपाशी रबराचा जो नळा दिसतो तो मागे सरकवा. आतल्या वायरी हजारो वेळा वाकून तुटलेल्या असतात. यावर जास्त बोलण्यासारखं नाही, बघितलं की दिसतं.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरंच राग येतो ती. फ्यूज.

फ्यूज हा दिव्याला किंवा रेडिओला वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. लाल वारंवार उडतो म्हणून त्या जागी हिरवा घातलेल्या गाड्या माझ्याकडे दर महिन्याला येतात. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेलेही फ्यूज मी काढलेत. दहा अँपिअरसाठी ओढलेल्या वायरीतून तीस गेले तर फ्यूज शांत राहतो आणि वायर तापते. तिचं आवरण वितळतं, शेजारच्या वायरींचंही वितळतं, आणि हे सगळं गालिच्याखाली, फोमच्या कुशीत. धूर दिसेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. तुमच्यातले काही जण त्या गाडीत नातवंडांना बसवून गणपतीपुळ्याला जातात. घरी गेल्यावर फ्यूजबॉक्सचं झाकण काढा, झाकणामागच्या किंवा पुस्तकातल्या नकाशाशी एकेक रंग ताडून बघा. एकही जास्त क्षमतेचा सापडला तर तो बदला आणि आधीचा का उडत होता ते शोधून घ्या. तोवर ती गाडी लांब नेऊ नका.

आणि ज्यांनी अजून घेतली नाही, पण मनात आहे, त्यांच्यासाठी एक शेवटचं. आपल्याकडे 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचा पूर आला. किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या पुष्कळ धुऊन-पुसून बाजारात आल्या, काही लांबच्या शहरात जाऊन तिथल्या नंबरनं परतल्या. बाहेरून चकाचक. वायरींत शिरलेली गाळाची ओल मात्र वर्षानुवर्षं आपलं काम करत राहते. पावणेदहा लाखांचा सौदा ठरला की एक करा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोज वापरात न येणाऱ्या त्या टोकाला मातीची रेघ दिसते का बघा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, डिकीतलं स्टेपनीचं खोलगट काढून त्याच्या तळाला गाळ आहे का, हेही बघा. विकणारा सीटबेल्ट ओढायला नको म्हणाला, तर चहा घेऊन निघा.

पंधरा मिनिटं होऊन गेली, संयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्न जेवणाच्या पंगतीत विचारा. मीटर माझ्या पिशवीत आहे, पण जेवल्याशिवाय मी कुणाचंही बॉनेट उघडणार नाही.