वकील आधी ‘तू कोण?’ का विचारतो
(मुरुड तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीतले भाषण)



आपली माणसं वकिलाकडून चिडून परत येतात. म्हणतात, “जमीन गेली हे सांगायला गेलो, तर हा मलाच विचारतो, तू कोण! कागद दाखव!” राग येतो खरा. पण असं विचारणारा वकील बरा. काही न विचारता अंगठा घेतो, त्याच्यापासून सावध राहा.

आपली जमीन बऱ्याचदा अंगठ्यानंच जाते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर कलेक्टरची परवानगी आणि त्याआधी सरकारची मान्यता लागते. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तसं सांगतं. पण तुमच्या नावानं दुसराच उभा राहिला आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा उठवून गेला, तर पुढं कोर्टात हेलपाटे तुम्हालाच.

वकीलपत्र म्हणजे “माझ्या वतीनं तू बोल” असा तुमचा हुकूम. हुकूम देणारा माणूस खरा आहे का, हे वकिलानं बघायलाच पाहिजे. इंग्लंडात जमीन-घराच्या व्यवहारात वकिलानं शेठलाही विचारावं लागतं, तू कोण, पैसा कुणाचा. तिथं तसा कायदाच आहे.

आता आपली अडचण. दळीच्या कागदावर आजोबाचं नाव, रेशनकार्डावर ‘सोमनाथ’, मतदार यादीत ‘सोम्या’. वीटभट्टीला गेलो की कार्ड शेठकडे अडकतं. घाबरू नका. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करता येतं. आजोबाशी नातं दाखवायला वाडीतली जाणती माणसं साक्षीला न्या.

वनहक्काच्या दाव्याला वकील लागतच नाही. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. २००८ च्या नियमांत रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र हा पुरावा आहे, तसा म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावाच आहे. कुणाचा बाप कुठं नाचणी पेरायचा, हे वाडीला जेवढं ठाऊक तेवढं कुठल्या कचेरीला ठाऊक?

आणि वकिलानं विचारलं, तसं आपणही विचारायचं. तुमची सनद आहे का? समोरच्या शेठचं काम तुमच्याकडे आहे का? कागदात काय लिहिलंय, वाचून दाखवा. कोऱ्या कागदावर अंगठा कुणालाच द्यायचा नाही, ओळखीच्यालाही नाही.

पैसे नाहीत म्हणून मागं राहू नका. १९८७ च्या कायद्यानं आदिवासीला कोर्टकामासाठी मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागला जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा. जातीचा दाखला सोबत न्या. ज्यांचा दाखला नाही त्यांनी आजच आपापल्या वाडीच्या कार्यकर्त्याकडे नाव द्या.

जिंदाबाद!