पगार आणि लेखणी

निवृत्तीनंतर मी मासिकांसाठी फुटकळ लेखन करतो. मध्यंतरी कोलकात्यात एस्प्लनेडच्या ट्राम डेपोपाशी उभा राहून मोबाइलला मजकूर सांगत होतो. मी बोलायचं, मराठी अक्षरं आपोआप उमटायची. याच शहरात हातानं लिहून पोट भरणारा एक मराठी माणूस तिथं आठवला: सखाराम गणेश देउस्कर.

१८६९ साली देवघरजवळ मराठी घरात जन्मले, पण लिहिलं बंगालीत. ‘हितवादी’ या पत्रात नोकरी. १९०४ साली ‘देशेर कथा’ लिहून इंग्रजांनी केलेल्या लुटीचा हिशेब मांडला. १९१० साली सरकारनं त्यावर बंदी घातली.

मला त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर त्यांना टिळकांविरुद्ध लिहायला सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि ‘हितवादी’ सोडलं.

मला पेन्शन आहे. परखड लिहिलं म्हणून माझी चूल विझत नाही. त्यांचं घर लेखणीवर चालत होतं. म्हणून लेखणीवर जगणाऱ्यांना उपदेश करायचा मला अधिकार नाही. एवढंच सांगतो: काम घेण्याआधी, पैसे मिळाले तरी काय लिहिणार नाही, ते ठरवून ठेवा. मोबाइल ते ठरवून देत नाही.